बाभळीचा खुंटा

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती जपून ठेवणाऱ्या संग्रहाच्या, लोखंडी कपाटातून बाभळीचा तो कागद टेबलावर आला, तेव्हा फांदीच्या आधी माझं लक्ष चिठ्ठ्यांकडे गेलं. फांदी तशी साधीच होती. दोऱ्याचे टाके घालून कागदाला धरलेली, पानं तपकिरी पडलेली, गळालेली दलं एका छोट्या पाकिटात जमवून ठेवलेली. एक शेंग, दर दोन बियांच्या मध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. चार-पाच गोंडे, कधीकाळी हळदीसारखे पिवळे असतील, आता मातकट झालेले. आणि उजव्या कोपऱ्यात खालून वर चढत गेलेल्या तीन चिठ्ठ्या. सर्वांत खाली, ज्याने फांदी तोडली त्याच्याच अक्षरात, काळ्या शाईने लिहिलेलं: अकेशिया अरेबिका. तिच्या वर टंकलिखित: अकेशिया नायलोटिका, उपजाती इंडिका. आणि त्याच्याही वर, कोरी करकरीत, छापील: व्हॅचेलिया नायलोटिका, उपजाती इंडिका.

हर्बेरियममध्ये जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत. नाव बदलायचं असेल तर नवी चिठ्ठी लावायची, तिच्यावर आपलं नाव आणि तारीख घालायची, जुनी आहे तशी राहू द्यायची. हा दंडक मला फार आवडतो. आधीच्या माणसाने काय पाहिलं आणि काय ठरवलं ते पुढच्याला दिसत राहतं.

पहिल्या दोन चिठ्ठ्यांमधला बदल मला कळत होता. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८३ साली या झाडाला मिमोसा अरेबिका म्हटलं, पण दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने त्याच्या तीस वर्षं आधी, १७५३ मध्येच, मिमोसा नायलोटिका हे नाव देऊन ठेवलेलं होतं. जे आधी दिलं ते टिकतं, एवढाच तो हिशेब. म्हणून 'अरबस्तानची' बाभूळ 'नाईलकाठची' झाली, जुन्या मराठी पुस्तकांत मात्र ती अजून अरेबिका म्हणूनच भेटते. तिसऱ्या चिठ्ठीपाशी मी अडले. इथे झाडाचं आडनावच बदललं होतं. आणि ज्या झाडावरून ते आडनाव सगळ्या घराण्याला मिळालं, नेमकं त्याच झाडाचं.

शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाला आपण आडनाव म्हणू. तो प्रजातीचा शब्द. दुसरा जातीचा. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात, पण वनस्पतिशास्त्राच्या मराठीत प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गोतावळा, आणि या लेखात मी तो तसाच वापरणार आहे.

अकेशिया हा शब्द ग्रीकांचा. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाच्या वैद्याने औषधी वनस्पतींची मोठी नोंद केली, तीत इजिप्तमधल्या एका काटेरी झाडाला तो 'अकाकिया' म्हणतो. 'अकिस' म्हणजे अणकुचीदार टोक, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. ते झाड नाईलच्या काठची बाभूळ असं वनस्पतिशास्त्रज्ञ समजत आले. म्हणजे लिनियसच्या सतराशे वर्षं आधीपासून हा शब्द या झाडाला चिकटलेला. लिनियसने मात्र बाभूळ, लाजाळू आणि असली सगळी गोंडेवाली मंडळी 'मिमोसा' या एकाच प्रजातीत कोंबली. पुढच्याच वर्षी, १७५४ साली, लंडनजवळच्या चेल्सीच्या औषधी बागेचे मुख्य माळी फिलिप मिलर यांनी आपल्या बागकामाच्या कोशात अकेशिया पुन्हा वेगळी काढली. आजच्या नियमांत अकेशिया प्रजातीचा जन्म तिथून मोजतात.

मग ती वाढत गेली. १८४२ मध्ये जॉर्ज बेंथम या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची जी व्याख्या केली ती दीडशे वर्षं चालली: पुंकेसर पुष्कळ आणि सगळे सुटे असतील, तर अकेशिया. ही व्याख्या किती सोयीची आहे ते हातात फूल घेतल्याशिवाय कळत नाही. शिरीषाचा झुबका घ्या आणि त्यातलं एक फूल सुईने अलगद उकला. केसर वर मोकळे दिसतात, पण खाली सगळे मिळून एक नळी झालेली असते. बाभळीच्या गोंड्यातलं फूल तसंच उकला. प्रत्येक केसर आपापल्या मुळाशी सुटा येतो, उपटलेल्या गवताच्या काडीसारखा. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा केवढा आनंद झाला होता. एका खुणेत झाड ओळखता येतं याचा आनंद.

पण त्या एका खुणेच्या छपराखाली किती वेगळी झाडं आली! आफ्रिकेतली छत्रीसारखी पसरट झाडं, आपला खैर, हिवर, शिकेकाईची वेल, आणि ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ हजार जाती, ज्यांतल्या बहुतेकांना मोठेपणी खरी पानंच नसतात. या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या मिळून तेराशे-साडेतेराशे जाती एका नावाखाली नांदत होत्या.

काटे बघा म्हणजे कळेल. बाभळीचा काटा सरळ, पांढरट, जोडीने येतो आणि बरोबर पानाच्या दोन्ही बाजूंना. तो म्हणजे उपपर्णांचाच, पानाच्या देठाच्या बुडाशी जोडीने येणाऱ्या चिमुकल्या पानांचाच, काटा झालेला असतो, त्याची जागा ठरलेली. खैराचा काटा आखूड, बाकदार, मांजराच्या नखासारखा, पानाच्या खाली सालीवर उगवलेला. शिवाय बाभळीची फुलं गोल गेंदात, खैराची लांबट कणसात. आणि ऑस्ट्रेलियन मंडळींना बहुधा काटाच नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला जी 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' लावतात, अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, तिचं लांब कोयत्यासारखं पान हे पान नव्हेच. तो चपटा झालेला देठ. तिचं बी रुजवून पाहिलं तर ही गोष्ट डोळ्यांसमोर घडते. पहिली पानं बाभळीसारखीच, पिसासारखी, इवल्या दलांची. मग एखाद्या पानाचा देठ थोडा रुंद होतो, टोकाला दलं असतातच. त्याच्या पुढच्याचा आणखी रुंद, दलं कमी. काही पानांनंतर दलं संपतात आणि नुसता हिरवा देठ उरतो, तोच पानाचं काम करू लागतो. एकाच वीतभर रोपावर हा सगळा प्रवास खालून वर वाचता येतो.

बेंथमलाही ही वेगळेपणं दिसत होतीच. त्याने प्रजातीच्या आत सहा गट पाडले आणि घर एकच ठेवलं. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ लेस पेडली यांनी म्हटलं की हे एक घर नाही, तीन घरं आहेत: बाभळीची अकेशिया, खैराची सेनेगालिया आणि ऑस्ट्रेलियन जातींची रॅकोस्पर्मा. पुढे डीएनएचा अभ्यास आला आणि पेडलींचं बरोबर ठरलं, किंबहुना घरं तीनाहून जास्त निघाली. सगळ्यांत धक्कादायक गोष्ट म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या त्या हजार जाती बाभळीपेक्षा शिरीषाच्या गोतावळ्याला जवळच्या निघाल्या. केसर सुटे असण्याची जी खूण मला एवढी प्रिय होती, ती नात्याची खूण नव्हतीच. याचं मला वाईट वाटलं नाही. झाडांनी आपली वंशावळ माझ्या भिंगाच्या सोयीसाठी आखलेली नाही.

फाटाफूट झाली, आता नाव कोणाकडे राहणार?

याचं उत्तर मला माहीत होतं असं मी समजत होते. कॉलेजात वर्गीकरण शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी ते एका वाक्यात शिकवलं होतं. आम्ही मुली नावांचे अर्थ पाठ करायचो आणि नाव झाडाला कसं शोभतं ते उत्तरपत्रिकेत लिहायचो. एकदा बाई म्हणाल्या, "अगं, नाव म्हणजे वर्णन नाही. नाव म्हणजे खुंट्याला बांधलेला दोर. गोठ्यात किती गुरं आहेत, कुठली आली, कुठली गेली, याच्याशी दोराला देणंघेणं नाही. खुंटा कुठे ठोकलाय तेवढं बघायचं." प्रत्येक प्रजातीच्या नावाला असा एक खुंटा असतो, शास्त्रीय भाषेत तिची प्ररूप जाती. वनस्पतींच्या नावांचे नियम ठरवणारी वनस्पतिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद दर काही वर्षांनी भरते, तिच्या १९३० च्या केंब्रिजच्या बैठकीत हा दंडक आंतरराष्ट्रीय नियमांत आला. प्रजाती फुटली, तर ज्या तुकड्यात प्ररूप जाती, त्या तुकड्याकडे जुनं नाव. बाकीच्यांनी नवीन शोधायचं.

अकेशियाचा खुंटा बाभळीच्या अंगणात होता. तेव्हा नियमाने नाव बाभळीकडे राहायला हवं होतं आणि ऑस्ट्रेलियन जातींनी रॅकोस्पर्मा व्हायचं होतं.

पण नियमपुस्तकात आणखी एक दार आहे. नियम तंतोतंत पाळल्याने फार मोठा गोंधळ होणार असेल, तर एखादं नाव खास ठराव करून राखून ठेवता येतं, प्रसंगी त्याचा खुंटाही हलवता येतो. राखीव नावांची ही सोय १९०५ च्या व्हिएन्ना परिषदेची. २००३ मध्ये ऑर्चर्ड आणि मॅस्लिन या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी याच दाराने प्रस्ताव आणला: अकेशियाची प्ररूप जाती बाभळीऐवजी अकेशिया पेनिनर्व्हिस ही ऑस्ट्रेलियन जाती धरावी. त्यांचा हिशेब सरळ होता. खैर-शिकेकाईचा गट तर दोन्ही बाजूंनी वेगळा निघणारच. मग उरलेल्यांत बाभळीच्या बाजूला दीडशेच्या थोड्या वर जाती, त्यांच्या बाजूला जवळजवळ हजार. नावं बदलायचीच तर कमी बदला. त्यात एक व्याकरणाची अडचणही होती. अकेशिया लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, रॅकोस्पर्मा नपुंसकलिंगी. पहिला शब्द बदलला की दुसऱ्याचं शेपूटही बदलायचं. त्यांचं राष्ट्रीय फूल, अकेशिया पिक्नँथा, ते रॅकोस्पर्मा पिक्नँथम होणार. ज्या देशाने १९८८ मध्ये ते फूल अधिकृतपणे आपलं चिन्ह केलं, त्या देशाला हे जड जाणार हे मला समजतं.

आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. नियम आधीपासून सगळ्यांना ठाऊक आहे, खुंटा आमच्या अंगणात आहे, आणि आमच्या मैदानांचं चित्र डोळ्यांसमोर आणणारं झाडच मुळी अकेशिया आहे. शिवाय ऑस्ट्रेलियात रोजच्या बोलण्यात या झाडांना 'वॉटल' म्हणतात, त्यांना स्वतःचा घरगुती शब्द आहे. आम्हाला इंग्रजीत अकेशियाशिवाय दुसरा शब्द नाही.

प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीत मंजूर झाला आणि जुलै २००५ मध्ये पुन्हा व्हिएन्नालाच परिषदेपुढे आला. तिथे जे झालं ते मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी तिथेच थांबते. मतदान झालं. ५४.९ टक्के मतं विरुद्ध पडली, ४५.१ टक्के बाजूने. आणि प्रस्ताव मंजूर झाला. कारण मतदान प्रस्तावावर धरलेलंच नव्हतं, समितीची शिफारस फिरवायची का यावर धरलं होतं, आणि फिरवायला ६० टक्के लागत होते. नियमपुस्तकात बदल करायला साठ टक्के लागतात हा जुना रिवाज. इथे बदल थांबवायला साठ टक्के लागले. सहा वर्षं यावर वाद चालला. जुलै २०११ मध्ये मेलबर्नला पुन्हा विषय निघाला. अकेशिया हा शब्द दोन्हीकडे जोडून नवी नावं करावीत असाही एक मध्यममार्ग पुढे आला, तो मान्य झाला नाही. शेवटी दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी व्हिएन्नाचा निर्णय कायम झाला. खुंटा हलवून बळकट केला.

मला काय वाटतं ते सांगते. प्रजाती फोडली हे योग्यच झालं. एका नावाखाली जे राहतात ते एका पूर्वजाचे असावेत, नाहीतर नाव फसवतं. नावं कमीत कमी बदलावीत हा हेतूही प्रामाणिक होता. पण व्हिएन्नाची पद्धत चूक होती. खुंट्याचा नियम आपण अशासाठीच केला की कोणाची गुरं जास्त, कोणाचा आवाज मोठा, हे प्रश्नच निघू नयेत. नियम मोडायचा असेल तर तो मोडण्यासाठी मतं गोळा करावीत, पाळण्यासाठी नव्हे. मेलबर्नने जे केलं ते स्पष्ट बहुमताने केलं, म्हणून मी ते मानते आणि लिहिताना व्हॅचेलियाच लिहिते. मी लिहिलेल्या नावावरून दूर कुठेतरी बसलेल्या माणसाला तेच झाड सापडलं पाहिजे. माझ्या रागापायी मी अकेशिया लिहीत बसले तर त्याला भलतंच सापडेल.

व्हॅचेलिया हे नाव कुठून आलं ते शोधत गेले, आणि तो माग मला फार लांब घेऊन गेला. मद्रासला नोकरीत असलेले रॉबर्ट वाइट आणि स्कॉटलंडचे वॉकर-आर्नॉट यांनी १८३४ मध्ये दक्षिण भारताच्या वनस्पतींवर ग्रंथ छापला. त्यात त्यांनी देवबाभळीसाठी वेगळी प्रजाती केली आणि तिला जॉर्ज हार्वे व्हॅचेल यांचं नाव दिलं. हे चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांचे धर्मगुरू होते, चीनमधल्या वनस्पती गोळा करत. देवबाभूळ स्वतः अमेरिकेची. सतराव्या शतकात ती रोमच्या फार्नेसे घराण्याच्या बागेत फुलली, म्हणून तिचं जातिनाव फार्नेसियाना. म्हणजे अमेरिकेचं झुडूप, रोमची बाग, चीनमध्ये फिरणारा धर्मगुरू, दक्षिण भारताचा ग्रंथ. आणि या सगळ्यातून तयार झालेलं नाव आता नाईलकाठच्या बाभळीला. वाइट आणि आर्नॉट यांनी ते एका झुडपासाठी केलं होतं. वापरात नसलेलं ते नाव पावणेदोनशे वर्षं पडून होतं. फाटाफूट झाल्यावर बाभळीच्या तुकड्यात कोणाचं जुनं नाव सापडतं याचा शोध घेतला तेव्हा तेच सगळ्यांत आधीचं निघालं, आणि २००८ मध्ये हर्टर आणि मॅबर्ली यांनी व्हॅचेलिया नायलोटिका हे नाव रीतसर केलं. हेही स्त्रीलिंगी, त्यामुळे नायलोटिकाचं शेपूट तसंच राहिलं.

देवबाभूळ आणि बाभूळ एका प्रजातीत का, हे पाहायचं असेल तर गोंड्याचा दांडा बघावा. बाभळीच्या दांड्याच्या साधारण मध्यावर एक बारीक कडं असतं, इवल्या छदांचं, म्हणजे फुलांखालच्या खवल्यांसारख्या पानांचं, बोटाच्या नखाला जाणवेल न जाणवेल असं. मी कित्येक वर्षं बाभळीची फुलं पाहिली आणि हे कडं पाहिलं नाही. देवबाभळीत तेच कडं वर सरकून थेट गोंड्याच्या बुडाशी जातं, म्हणून दांडा गुळगुळीत दिसतो आणि कडं शोधायला गोंडा उलटा धरावा लागतो. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या दांड्यावर हे कडं नाही. आता फुललेली बाभूळ दिसली की माझी बोटं आधी दांड्यावर जातात.

आपल्या बोलीने या झाडांचं काय केलं तेही सांगायला हवं. मराठीने खैराला कधी बाभूळ म्हटलं नाही, हिवराला म्हटलं नाही, शिकेकाईला तर नाहीच. बेंथमने जे एकत्र बांधलं ते मराठीत आधीपासून सुटं होतं, आणि खैर-शिकेकाईच्या बाबतीत मराठीचं बरोबर ठरलं. रामकाठी ही बाभळीचीच सरळसोट, वर निमुळती होत जाणारी तऱ्हा. तीही नजरेने बरोबर टिपली. मात्र बाहेरून जे जे पिसांच्या पानांचं झाड आलं त्याला आपण बाभूळ करून टाकलं: सुबाभूळ, वेडी बाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. यांतली एकही बाभळीच्या प्रजातीतली नाही. वेडी बाभूळ तर नावापुरतीसुद्धा स्थिर नाही. ती प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा होती, तिचीही प्रजाती २०२२ मध्ये फुटली आणि ती नेल्टुमा झाली. परदेशी आलेल्यांपैकी एक देवबाभूळच खऱ्या नात्याची, आणि तिला 'देव' हे विशेषण कोणी लावलं असेल ते असो, तिच्या गोंड्याचा वास एकदा घेतला की ते पटतं.

मतदानाने नाव बदलतं याचा मला पूर्वी सरसकट राग यायचा. २०२४ च्या माद्रिद परिषदेनंतर तो राहिला नाही. शेकडो आफ्रिकन वनस्पतींच्या नावांत 'काफ्रा' असा शब्द होता, तिथल्या कृष्णवर्णीयांसाठी वापरलेल्या एका हीन शिवीवरून आलेला. तो बदलून 'आफ्रा' करायचं परिषदेने मतदानाने ठरवलं. खैराच्या प्रजातीतली एक आफ्रिकन जातही त्यात होती. ते नाव नियमाने अगदी निर्दोष होतं, प्राधान्यही त्याचंच होतं. तरी ते जायलाच हवं होतं.

आणि बाभळीच्या बाबतीत अजून एक गोष्ट राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडची हीच उपजाती, इंडिका, सावलीसाठी आणि गुरांच्या चाऱ्यासाठी क्वीन्सलंडला नेली. तिथल्या सपाट गवताळ माळावर ती माजली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बिया पसरल्या, गवताच्या जागी काट्यांची जाळी उभी राहिली. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने साऱ्या देशाला घातक ठरलेल्या वीस तणांची पहिली यादी केली, तिच्यात ती आहे. त्यांच्या स्वतःच्या हजार जातींना, ज्यांच्याकडे आता अकेशिया हे नाव आहे, तिथले लोक बोलताना वॉटल म्हणतात. देवबाभळीला म्हणतात मिमोसा बुश. आणि आपल्या बाभळीला, तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी, तिथल्या तणनाशनाच्या सरकारी पत्रकांत, आजही एकच नाव आहे: प्रिकली अकेशिया, काटेरी अकेशिया.